गायत्री ‘अखिल मानवजातीची’ कधी झाली? (धागा)

योगदिन जवळ आला की एक चित्रफीत हमखास फिरू लागते. पद्मासनात बसलेली आकृती, मागे उगवता सूर्य, खर्जातला गायत्री मंत्र आणि खाली ओळ : पाच हजार वर्षांपूर्वी ऋषींनी अखिल मानवजातीला दिलेली अखंड ध्यानसाधना. मंत्राविषयी मला आदर आहे. तो कोणी, कुठे, कितीदा म्हणावा याविषयीही तक्रार नाही. तक्रार आहे ती ‘अखिल मानवजातीला’ आणि ‘अखंड’ या शब्दांविषयी. ते असत्य आहेत, आणि हे असत्य निरुपद्रवी नाही.

आधी मूळ पाहू. ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलातील बासष्टाव्या सूक्ताची ही दहावी ऋचा. परंपरेने ऋषी विश्वामित्र, देवता सविता. ‘गायत्री’ हे वस्तुतः छंदाचे नाव : आठ अक्षरांचे तीन चरण. गंमत अशी की छापील संहितेप्रमाणे मोजली तर अक्षरे भरतात तेवीस. ‘वरेण्यं’चा उच्चार ‘वरेणियं’ असा केला की चोवीस पुरी होतात. आरंभीचा ॐकार व तीन व्याहृती ऋचेत नाहीत. जपाच्या विधीत त्या पुढे जोडल्या गेल्या. सवित्याच्या तेजाचे चिंतन आणि बुद्धीला प्रेरणा मिळावी ही प्रार्थना, एवढाच तिचा आशय. आसने, चक्रे, स्पंदने यांचा तिथे पत्ता नाही.

मग मंत्र आणि श्वास यांचे नाते अर्वाचीन आहे काय? मुळीच नाही, आणि चित्रफितीच्या कर्त्यांना हे ठाऊक असते तर त्यांनी याचाच डंका पिटला असता. श्वास रोखून धरून प्रणव, व्याहृती व ‘शिरस्’ यांसह गायत्री तीनदा म्हणणे, अशीच प्राणायामाची व्याख्या बौधायन आणि वसिष्ठ यांच्या धर्मसूत्रांत आहे. ज्या काळी मनगटावर घड्याळ नव्हते त्या काळी मंत्र हेच श्वासाचे माप होते. संध्यावंदनात ही रीत आजही टिकून आहे.

पतंजलीचे योगसूत्र मात्र गायत्रीचे नावही घेत नाही. प्रणव हा ईश्वराचा वाचक आहे, त्याचा जप करावा आणि त्याच्या अर्थाचे भावन करावे, असे पहिला पाद सांगतो. अर्थाचे भावन! ‘अर्थ कळला नाही तरी कंपने आपोआप काम करतात’ असे पतंजलीच्या नावावर खपवणाऱ्यांनी हे सूत्र एकदा तरी उघडून पाहावे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायातला क्रमही याच वेळी आठवतो : विधियज्ञाहून जपयज्ञ दसपट श्रेष्ठ, ओठांतल्या ओठांतला जप शतपट, मनातला सहस्रपट. ध्वनिक्षेपक लावणाऱ्यांची गणना कोणत्या पायरीवर होते ते ज्याचे त्याने ठरवावे.

आता ‘अखिल मानवजाती’कडे वळू. गायत्रीचा उपदेश उपनयनात होई. ज्याचे उपनयन नाही त्याला उपदेश नाही. स्मृतींच्या चौकटीत शूद्र व अतिशूद्र या दाराबाहेर राहिले, आणि स्त्रीचा विवाह हाच तिचा उपनयनसंस्कार, असे मनूने म्हटले. शूद्राने मुद्दाम वेद ऐकल्यास त्याच्या कानांत शिसे व लाख ओतावी, हे वचन गौतम धर्मसूत्रात आहे, आणि ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात शंकराचार्यांनी ते अधिकारनिषेधाच्या पुष्ट्यर्थ आधारास घेतले आहे. अशी शिक्षा किती वेळा दिली गेली हा वेगळा प्रश्न. अधिकार कोणाला नव्हता, याविषयी मात्र ग्रंथांत संदिग्धता नाही.

इथे हटकून उत्तर येते : ‘गार्गी, मैत्रेयी विसरलात का?’ विसरलो नाही. बृहदारण्यकात त्या आहेतच. पण दार आधी उघडे होते आणि नंतर बंद झाले, एवढेच त्यावरून सिद्ध होते. मग ‘अखंड’ कुठे राहिले?

हे सारे फार जुने वाटत असेल तर आपल्याच कोल्हापुरात या. कार्तिक महिना, सन १८९९. शाहू महाराज पंचगंगेवर स्नानास जात. पुरोहित वेदोक्ताऐवजी पुराणोक्त मंत्र म्हणतो, हे सोबतच्या राजारामशास्त्री भागवतांनी लक्षात आणून दिले. जाब विचारला तेव्हा उत्तर आले की शूद्रांना पुराणोक्तच. गादीवर बसलेल्या छत्रपतींना, त्यांच्याच राजधानीत, त्यांच्याच वेतनावरचा माणूस हे सांगत होता! राजोपाध्ये वेदोक्त विधी करण्यास अखेरपर्यंत राजी झाले नाहीत. १९०२ मध्ये महाराजांनी त्यांचे इनाम जप्त केले. दरम्यान १९०१ मध्ये टिळकांनी ‘केसरी’तून वेदोक्ताच्या मागणीवर टीका केली. पुढे १९२० मध्ये महाराजांनी क्षात्रजगद्गुरूंचे स्वतंत्र पीठ निर्माण करून सदाशिवराव पाटील बेनाडीकरांना त्यावर बसवले. एका मंत्राच्या अधिकाराचा झगडा वीस वर्षे चालला.

राजाची ही कथा. ज्या बाईला गावच्या विहिरीवर पाय ठेवता येत नव्हता तिला गायत्री कोणी शिकवली असती?

वगळलेले लोक तोवर हात बांधून बसले नव्हते, हेही सांगायला हवे. वारकऱ्यांनी नामजप उभा केला. त्याला मुंज लागत नाही, संस्कृत लागत नाही. जोतीरावांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापून भटजीवाचून, मराठीत लग्ने लावण्याची वाट दाखवली. दयानंदांच्या आर्य समाजाने उलट बाजूने वेद आणि गायत्री सर्वांसाठी खुली असल्याचे सांगितले. पुण्यात स्त्रियांना पौरोहित्य शिकवणारे वर्ग तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले.

आज योगवर्गात कोणीही डोळे मिटून गायत्री म्हणू शकते, ते या भांडणांमुळे. चित्रफितीतली ती एक ओळ मनाई करणाऱ्यांना उदार दाते ठरवते आणि भांडणाऱ्यांना इतिहासातून पुसून टाकते.

पुढच्या धाग्यात १६७४ चा रायगड : छत्रपती शिवरायांची मुंज वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षानंतर का लावावी लागली, आणि गागाभट्टांनी नेमके काय केले.