कार्तिकीच्या दिंड्यांसाठी अंधारातला रस्ता सुरक्षित करा : मागणीपत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक व प्रादेशिक परिवहन अधिकारी
(पंढरपूरकडे येणाऱ्या रस्त्यांवरील सर्व जिल्हे)



३१ ऑक्टोबर २०२२ च्या संध्याकाळी कोल्हापूर जिल्ह्यातून निघालेल्या दिंडीत सांगोला तालुक्यातील जुनोनीजवळ भरधाव मोटार घुसली. सात वारकरी गेले. आषाढीच्या मोठ्या सोहळ्यांसाठी वाहतूक वळवतात, जागोजाग बंदोबस्त असतो. कार्तिकीला गावोगावहून निघणाऱ्या लहान दिंड्यांच्या वाट्याला यातले फारसे काही येत नाही. त्यात कार्तिकात सहाच्या सुमारास दिवस मावळतो आणि मुक्काम अजून दोन कोस लांब असतो.

ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. माणूस दिसून, ब्रेक दाबून ती थांबेपर्यंत कोरड्या रस्त्यावरही साठ-सत्तर मीटर सरतात. डिपरच्या उजेडात गडद लुगडे नेसलेली म्हातारी पुष्कळदा त्याच्या निम्म्या अंतरावर आल्याशिवाय दिसत नाही. समोरून कोणी अप्परवर आला, तर डोळे दिपून तेवढेही दिसत नाही. सावध चालकही या वेगात हतबल होतो. म्हणून नुसत्या ‘वाहने सावकाश चालवा’च्या फलकांवर आमचे समाधान होणार नाही.

मिरवणुकीजवळून जाताना वेग ताशी २५ किलोमीटरच्या वर नसावा, हे १९८९ च्या रस्ता-नियमांतच होते. एकादशीआधीचे दहा दिवस, दिवस मावळल्यापासून उजाडेपर्यंत, दिंडीजवळून जाताना हीच मर्यादा लागू करावी आणि दंड जागेवर वसूल करावा. ही आमची मुख्य मागणी आहे. बाकीच्या तिच्या पाठोपाठ. दिंडीजवळ ओव्हरटेकला पूर्ण बंदी हवी, कारण पुढची गाडी का हळू झाली हे मागच्याला दिसत नाही आणि तो बाहेर काढतो तो थेट टाळकऱ्यांवर. समोरून माणसे किंवा वाहन येताना डिपर न देणाऱ्यांवरही कारवाई व्हावी.

साइडपट्टीचे दुखणे वेगळे. नेमका तेव्हाच उसाचा हंगाम सुरू होतो. दिवे किंवा रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली कडेला उभी असते, पुढे वेड्या बाभळी डांबरापर्यंत आलेल्या असतात, आणि सगळी दिंडी रस्त्यावर उतरते. वारीआधी झुडपे तोडावीत, रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्या कारखान्याच्या गेटवरच अडवाव्यात. आळंदी-पंढरपूर पालखी मार्गाच्या आराखड्यात वारकऱ्यांसाठी वेगळी पायवाट आहे. मिरज-पंढरपूर रस्त्यावरून येणाऱ्यांचे पायही तेच आहेत, त्यांनाही ती द्यावी.

आमच्या बाजूने : सामानाचा टेम्पो स्वयंपाकासाठी पुढे जातो आणि शेवटची रांग उघडी पडते. यापुढे एक वाहन इंडिकेटर लावून दिंडीच्या मागे राहील. मागच्या दोन रांगा चमकत्या पट्ट्यांची जाकिटे घालतील. मार्ग व मुक्कामांची यादी आम्ही प्रत्येक पोलीस ठाण्यात आगाऊ देऊ. त्या यादीनुसार अंधारात गस्तीची एक गाडी मिळावी.

एकादशीच्या महिनाभर आधी लेखी उत्तर मिळावे, ही विनंती.

आपले,
दिंडीचालक संघटनेचे सर्व सभासद