पूर ओसरल्यानंतर

आपल्याकडे पूर म्हटला म्हणजे श्रावण-भाद्रपद डोळ्यांपुढे उभे राहतात. सन २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरास ज्याने वेढा घातला तो पूरही श्रावणातलाच. चैत्र-वैशाखात, आपल्या विहिरींचे तळ दिसू लागण्याच्या दिवसांत, एखाद्या देशी नद्या शेतांतून कोस कोस पसरतात असे कोणी सांगितले, तर घरातील वडील मंडळी सांगणाराकडे संशयानेच पाहतील. परंतु उत्तर अमेरिकेच्या मध्यभागी पुराचा मुख्य हंगाम तोच होय. तेथे हिवाळाभर जमिनीवर निजून राहिलेला बर्फ वसंताच्या उन्हाने जागा होतो आणि एकदम वाहू लागतो.

ह्या पुरांत रेड नदीचा पूर विशेष विलक्षण. नॉर्थ डाकोटा व मिनेसोटा ह्या दोन संस्थानांची सीमा आखीत ही नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे जाते व कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात शिरून विनिपेग सरोवरास मिळते. ऊन दक्षिणेस आधी तापते. त्यामुळे वरच्या अंगाचा बर्फ वितळून पाणी निघाले, तरी खालच्या अंगाचे पात्र पुष्कळदा गोठलेलेच असते. मग पाण्याने जावे कोठे? त्यात हे खोरे म्हणजे एका प्राचीन सरोवराचा तळ. नदीस मैलामागे फार तर फूट-दीड फूट उतार. काही ठिकाणी तर अर्धा फूटही नाही. ताटात सांडलेल्या आमटीप्रमाणे पाणी बाजूंना पसरते आणि तेथेच बसून राहते.

१९९७ च्या एप्रिलात ग्रँड फोर्क्स येथे हे पाणी ५४ फुटांवर चढले. अंदाज ४९ फुटांचा होता व बांधांची उंची त्याच हिशेबाने धरली होती. शहराचा बहुतेक भाग रिकामा करावा लागला, आणि पाण्याने वेढलेल्या भर पेठेत ११ इमारती आगीत जळाल्या. शहराचा असा प्रसंग लोकांच्या स्मरणात राहतो. शेतकऱ्याचा राहत नाही. कारण त्याची अडचण पाणी ओसरून छायाचित्रकार माघारी गेले म्हणजे सुरू होते.

आपल्या भाषेत ‘वाफसा’ हा फार अर्थपूर्ण शब्द आहे. जमिनीत ओल आहे पण चिखल नाही, मातीत वारा खेळतो आहे, टाकलेले बी गुदमरणार नाही, अशी ती स्थिती. हिला इतका नेमका इंग्रजी शब्द आमच्या आढळात नाही. परंतु परीक्षा मात्र दोन्हीकडे एकच. मुठीत माती दाबावयाची, आणि तिचा चिकट गोळा होतो की बोट लावताच भुगा होतो ते पाहावयाचे. रेड नदीच्या काठची काळी चिकण माती हा भुगा लवकर दाखवीत नाही. वरून सुकलेली दिसते, आत लोण्यासारखी असते. अशा जमिनीत जड यंत्र घातले तर खालचा थर दडपून घट्ट होतो, बियांच्या चरीच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात, आणि मुळे त्यांत न शिरता चरीतूनच आडवी धावतात. एका दिवसाच्या उतावीळपणाचे फळ पुढे काही वर्षे भोगावे लागते.

बरे, थांबावे तर हंगाम आखूड. शरद ऋतू लागतो न लागतो तोच हिमकण पडून पीक करपण्याची भीती. शिवाय विम्याचे पंचांग निराळेच. सरकारच्या साह्याने चालणाऱ्या पीकविम्यात प्रत्येक पिकाच्या पेरणीची अखेरची तारीख ठरलेली असते. ती उलटल्यावर पेरले तर विम्याचे संरक्षण बहुधा दर दिवसास शेकडा एक ह्या मानाने घटते. पाण्यामुळे पेरताच आले नाही, तर मक्याच्या बाबतीत सामान्यतः हमीच्या शेकडा ५५ इतकी रक्कम पदरात पडते. न पेरण्याबद्दल पैसे, हे ऐकून शहरातील मनुष्यास हसू येईल. पण जमिनीचा खंड, कर्जाचे व्याज आणि आधीच घेतलेले खत ह्यांचा मेळ त्या रकमेत बसवावयाचा असतो, आणि मे महिन्याच्या अखेरीस, आभाळाकडे पाहत, पेरावे की न पेरावे हे एका बैठकीत ठरवावयाचे असते. ह्यापेक्षा अवघड हिशेब आमच्या तरी पाहण्यात नाही. २०१९ साली हा प्रसंग सबंध देशावर ओढवला. त्या वर्षी अमेरिकेत १ कोटी ९४ लक्ष एकर जमीन पेरता आली नाही. २००७ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या सरकारी आकड्यांत एवढी संख्या पूर्वी कधीच नव्हती.

त्याच वर्षीच्या मार्चात नेब्रास्का व आयोवा ह्या संस्थानांत आणखी एक गोष्ट घडली. चांगल्या भावाची वाट पाहत शेतावरच्या पत्र्याच्या उंच कणग्यांत ठेवलेला मका व सोयाबीन पाण्याने फुगला, आणि कणग्या फाटून धान्य चिखलात सांडले. पुराचे पाणी लागलेले धान्य माणसांस चालत नाही, जनावरांसही नाही. आणि विमा होता तो शेतातल्या पिकाचा. घरी आणलेल्या धान्यास त्याचा आधार नव्हता!

शेत मोकळे राहिले म्हणजे जमिनीस विश्रांती मिळाली, असेही कोणी समजू नये. पिकांच्या मुळांशी राहून त्यांना स्फुरद पोचविणारी एक सूक्ष्म बुरशी असते. शेतात मुळेच नसली की ती क्षीण होते, आणि पुढील वर्षीचा मका खुरटून जांभळट दिसतो. १९९३ च्या मोठ्या पुरानंतर हा अनुभव पुष्कळांस आला. म्हणून आता अशा शेतात विक्रीकरिता नव्हे, तर केवळ मातीकरिता, ओटसारखे एखादे पीक टाकण्याची शिफारस करतात.

कायमचा उपाय म्हणून तीन-चार फूट खोलीवर छिद्रांच्या नळ्या पुरून जमिनीतील जादा पाणी काढून देतात. पूर्वी ह्या नळ्या भाजक्या मातीच्या असत, आता प्लास्टिकच्या असतात. आमच्या वाचकांपैकी ज्यांची जमीन नीरेच्या वा कृष्णेच्या काठी आहे, त्यांस ही गोष्ट नवी नाही. तेथे पाणी बर्फाचे नसून कालव्याचे व उसाचे. पण भूजल वर आले की क्षार वर येतात, जमीन चिबड होते आणि पांढरी पडते. हा प्रकार रेड नदीच्या खोऱ्यातही तंतोतंत असाच आहे.

नळीतून निघालेले पाणी अखेर कोणाच्या तरी बांधाशी जाते, आणि भांडण तेथे सुरू होते. विनिपेग शहरास वाचविण्यासाठी १९६२ ते १९६८ ह्या काळात शहराला वळसा घालणारा ४७ किलोमीटरांचा कालवा खणण्यात आला. १९९७ मध्ये त्याने शहर राखले. परंतु त्याच्या दारांमुळे वरच्या बाजूस पाणी तुंबून ग्रँड पॉइंट येथील घरांत शिरले. शहर वाचले हे खरे. त्या घरांतील लोकांस ते कोणत्या तोंडाने सांगावे? पुढे फार्गो शहरास वळसा घालणाऱ्या कालव्याची योजना निघाली, तेव्हा मोठ्या पुरात वरच्या शेतांवर पाणी अडवून धरण्याचे ठरले. रिचलंड व विल्किन ह्या दोन परगण्यांतील शेतकऱ्यांनी ह्यास विरोध करून कोर्टाची पायरी चढली, आणि बऱ्याच वर्षांच्या झगड्यानंतर २०२० साली तडजोड झाली. त्या शेतांवर प्रसंगी पाणी साठविण्याचा हक्क मोबदला देऊन घ्यावयाचा असा व्यवहार आहे. जमिनीची मालकी शेतकऱ्याकडेच राहते. मात्र एखाद्या वसंतात शहराचे पाणी त्याच्या शेतावर थांबले, तर ते उतरून जमीन वाफशावर येईपर्यंत त्याने आपली पाभर छपराखालीच ठेवावयाची.