काल्याचं कंत्राट



वाशी तालुक्यातल्या आमच्या गावाने गेल्या महिन्यात एक ठराव केला. येत्या चैत्रातल्या सप्ताहाचा महाप्रसाद पुन्हा कंत्राटी आचाऱ्याकडे द्यायचा. कारण लिहिलं आहे, 'सोयीसाठी व स्वच्छतेसाठी'. मी त्या समितीत आहे आणि हे कारण खोटं आहे. तुमच्याही गावात असा ठराव होत असेल, म्हणून घरातली गोष्ट तुमच्यापुढे मांडतो.

आधी माझी कबुली ऐका. सहा वर्षांपूर्वी कंत्राट गावात आणणारा मीच. त्याआधी गाव स्वतः रांधायचं. पण तरुण पोरं पुण्याला गेली, सरपणासाठी वणवण व्हायची, रात्रभर चुलवणापाशी कोण बसणार यावरून भांडणं व्हायची. आचारी सांगितला की एक फोन आणि ताटामागे इतके रुपये. मला बरं वाटलं. काल्याचं कीर्तन पहिल्यांदा निवांत ऐकलं. मग शेजारच्या गावाने पंगतीत गुलाबजाम केले, आम्ही त्यावर पनीर केलं. वर्गणी दुप्पट झाली आणि ज्याला ती झेपत नव्हती तो सप्ताहात मागच्या ओळीत बसू लागला. हे मला दिसत होतं. मी बोललो नाही.

गेल्या वर्षी काल्याच्या आदल्या रात्री नऊ वाजता आचाऱ्याचा फोन आला. कुठलं तरी मोठं लग्न लागलं होतं, तो येणार नव्हता. दुसऱ्या दिवशी हजार-बाराशे पानं उठायची होती आणि आमच्यापैकी एकानेही शंभर माणसांचा भात कधी शिजवलेला नव्हता. मंडपात सगळे एकमेकांकडे पाहत राहिले. तेव्हा चोखोबांच्या आळीतले एक गृहस्थ पुढे आले. लग्नसराईत ते दरवर्षी पुण्याला एका आचाऱ्याकडे कामाला जातात. आधी भांडी घासली, मग भाजी चिरली, आता भट्टी सांभाळतात. म्हणाले, "अण्णा, सामान द्या. बाराशे मानसाचं काय घेऊन बसलात?"

सप्ताहात त्यांचं काम काय होतं, सांगू? लाकडं आणणं आणि टँकरचं पाणी उतरवणं. पुण्यात हजारोंना जेवू घालणारा माणूस आपल्या गावात झाऱ्याला हात लावू शकत नव्हता. तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता. लिहिण्याची गरज कधी पडली नाही.

त्या रात्री मी त्यांच्या हाताखाली काम केलं. जे शिकलो ते सांगतो, कारण पहिल्यांदा रांधणाऱ्या गावाला ते लागेल. त्यांनी पहिल्यांदा पदार्थ कमी केले: आमटी, भात, वांग्याची भाजी, लापशी. पोळ्या घरोघरी होतील, घरामागे पंधरा. तांदूळ नव्वद किलो, तूरडाळ पंचेचाळीस, लापशीचा रवा साठ. आमचा विचार सगळ्यांत मोठ्या पातेल्यात सगळा भात एकदम टाकायचा होता. ते हसले. एवढा भात एकदम घातला की तळ करपतो आणि वर दाणा कच्चा राहतो. दहा-दहा किलोचे नऊ घाणे करायचे, आधी आधण, मग तांदूळ, आणि पाणी घरच्या मापापेक्षा कमी, कारण मोठ्या भांड्यात त्या मानाने वाफ कमी जाते. डाळ पुरती मऊ होईपर्यंत चिंच घालायची नाही, नाहीतर ती शिजतच नाही. लापशीतही दाणा फुलल्यावरच गूळ. फोडणीचं पातेलं तिखट टाकण्याआधी आरावरून बाजूला ओढायचं; एवढं तेल विस्तवावरून काढलं तरी तापलेलंच असतं, तिखट क्षणात जळतं. मीठ आणि तिखट हिशोबाने जेवढं येतं त्याच्या पाऊण पट घालून थांबायचं आणि चव घेऊन वाढवायचं. तळ लागलाच तर खरवडायचा नाही, वरचं हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात काढायचं.

तरी पहिला घाणा लागलाच. आमटीच्या मिठाचं काम माझ्याकडे होतं. मी पाऊण घातलं आणि पुढचं पाव विसरलो. आमटी अळणी झाली. पंगतीत पोरं मिठाच्या वाट्या घेऊन पळत होती आणि माणसं हसत जेवत होती.

आता स्वच्छतेचा मुद्दा. तो मी उडवून लावणार नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातल्या सोमठाण्याला सप्ताहात एकादशीची भगर-आमटी खाऊन शेकडो माणसं आजारी पडली. रुग्णालयात जागा नव्हती म्हणून बाहेर दोरीला सलाईन टांगावी लागली. ती चित्रं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. ज्याला शेकडो तोंडांत घास घालायचा आहे त्याने भ्यायलाच हवं. पण त्या भीतीवर उपाय काय? ओल लागलेली भगर, भगरीचं सुटं पीठ घ्यायचं नाही. पाणी तपासून घ्यायचं. चैत्राच्या उन्हात रात्रीचं शिजवलेलं दुपारी वाढायचं नाही. पहाटे चूल पेटवायची आणि चार तासांच्या आत पंगत बसवायची. ज्याला जुलाब-खोकला आहे त्याने चुलीपाशी यायचं नाही. यातल्या कोणत्या गोष्टीला कंत्राटदारच लागतो? आमच्याकडे तो रात्री दोन वाजता शिजवून झोपायचा. आम्ही ते कधी विचारलंच नाही, कारण पैसे दिले की विचारायची जबाबदारी संपते असं आम्हाला वाटायचं.

माणसं जास्त झाली की गावाला झेपत नाही, असंही म्हणतात. गोदावरीतल्या सरला बेटाचा गंगागिरी महाराजांचा सप्ताह पाहून या. दरवर्षी वेगळ्या ठिकाणी, लाखोंची गर्दी, आणि प्रसाद आमटी-भाकरीचा. भाकरी आसपासच्या गावांतल्या घराघरांतून थापून येतात, आमटी सप्ताहाच्या जागी शिजते. तिथे झेपतं, कारण काम वाटलं जातं आणि ताट साधं असतं.

मग आमच्या ठरावाचं खरं कारण काय? सांगतो. त्या दिवशी पंगत बसली, गजर झाला, आणि चार घरची माणसं पानावरून उठून गेली. भांडण केलं नाही, आवाज केला नाही, लेकरांना हाताला धरून निघून गेली. आमटी कुणी केली हे त्यांना कळलं होतं. या चार घरांना पुन्हा पंगतीत बसवायचं म्हणून कंत्राटदार हवा आहे. बाहेरच्या आचाऱ्याच्या हाताखाली कोण कोण राबतं, हे सहा वर्षांत कुणी विचारलं नाही. त्यांची जात माहीत नाही म्हणून ती चालते. गावच्या माणसाची माहीत असते. कंत्राट आम्हाला सोय देतं ती ही.

याच गावाच्या काल्यात आपण काय ऐकतो? गोपाळांनी शिदोऱ्या एकत्र केल्या आणि देवाने सगळ्यांची उष्टी खाल्ली, हे ऐकून डोळे पुसतो. पैठणला नाथांनी श्राद्धाचं अन्न ज्यांना वाढलं त्यांची कथा कीर्तनकार सांगतात तेव्हा टाळ्या वाजवतो. पंढरीला गेलो की महाद्वारासमोर चोखोबांच्या समाधीवर डोकं ठेवूनच आत जातो. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी उपोषणाला बसले तेव्हा त्यांना आपल्या मठात जागा देणारे तनपुरे महाराज होते, हेही आपण अभिमानाने सांगतो. मंदिराचं दार उघडलं त्याला पाऊणशेहून जास्त वर्षं झाली. चुलवण अजून बंद आहे. आणि आपल्या जुन्या, गावाने रांधण्याच्या पद्धतीचा फार गोडवा गाणाऱ्यांनाही सांगतो, मी त्या काळाचा आहे. तेव्हाही लाकडं त्यांनीच आणली आणि झारा आमच्याच हातात होता. मला ते दिवस परत नको आहेत.

गोरोबाकाकांचं तेर आमच्यापासून लांब नाही. त्यांनी आमच्या समितीच्या डोक्यावर थापटणं मारून पाहिलं असतं तर काय निकाल दिला असता, मला ठाऊक आहे. माझं डोकंही त्यातच.

या लेखात मी त्या गृहस्थांना 'ते' म्हणतो आहे. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहेत आणि आजवर मी त्यांना 'अरे' म्हणत आलो. वीस वर्षांनी लहान असलेल्या पाटलाच्या मुलाला मात्र मी कधी 'अरे' म्हटलं नाही. हे मला त्या रात्री चुलीपाशी लक्षात आलं, तेही त्यांनी मला कांदे नीट चिरायला सांगितले तेव्हा.

येत्या एकादशीला पुन्हा बैठक आहे. ठराव मागे घ्या असं मी तिथे उभं राहून म्हणणार आहे. बहुधा एकटा असेन, कदाचित दोघं-तिघं असू. त्या चार घरांना बोलवायला मी स्वतः जाणार आहे, आणि आमटी कुणी केली हे आधी सांगूनच बोलावणार आहे. सामानाची यादी करून ठेवली आहे. मीठ या वेळी ते स्वतः घालणार म्हणाले.