बाटलीतलं आणि सुईतलं हायलुरोनिक ॲसिड

घरात जरा नजर टाका. आजोबांचा गुडघा कुरकुरायला लागला, तेव्हा हाडांच्या डॉक्टरांनी ‘गुडघ्यात जेलचं इंजेक्शन देऊन बघू’ असं सुचवलं असेल. दिवसभर लॅपटॉपसमोर बसणाऱ्या दादाकडे कोरड्या डोळ्यांचे ड्रॉप्स असतील. आणि आरशासमोर ताईची, किंवा तुमचीच, ड्रॉपरवाली सीरमची बाटली असेल. या तिन्ही ठिकाणी बऱ्याचदा पदार्थ एकच असतो, हायलुरोनिक ॲसिड.

आता मोबाइल उघडा. लग्नसराई जवळ आली की जाहिराती सुरू होतात: ‘हायलुरोनिक ॲसिडने भरीव ओठ, सुई नाही, दुखणं नाही, एका तासात घरी.’ मनात सहज येतं, अरे, हे तर मी रोज चेहऱ्याला लावते! नाव ओळखीचं, म्हणून भीती वाटत नाही. गडबड नेमकी इथेच होते. बाटलीतलं आणि सुईतलं हायलुरोनिक ॲसिड एकाच घराण्यातलं असलं, तरी दोघांची कामं वेगळी आणि धोके तर फारच वेगळे.

‘ॲसिड’ या शब्दाने आधी घाबरू नका. ग्लायकोलिक किंवा सॅलिसिलिक ॲसिडसारखं हे त्वचेचा वरचा थर सोलत नाही. ही मुळात एक लांबलचक साखळीसारखी शर्करा आहे आणि ती आपल्याच शरीरात तयार होते. साधारण 70 किलो वजनाच्या माणसाच्या अंगात ती जेमतेम 15 ग्रॅम असते. त्यातली जवळपास अर्धी त्वचेत असते, आणि रोज सुमारे एक तृतीयांश मोडून पुन्हा नव्याने बनते. वय वाढतं, ऊन लागतं, तशी त्वचेतली तिची मात्रा कमी होते. म्हणून तर तिच्याभोवती एवढा बाजार उभा राहिला.

1934 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी गायीच्या डोळ्यातल्या पारदर्शक जेलीतून हा पदार्थ वेगळा केला. ग्रीक भाषेत ‘हायलोस’ म्हणजे काच, त्यावरून हे नाव पडलं. म्हणजे ‘ग्लास स्किन’ची फॅशन यायच्या कितीतरी आधीपासून नावात काच होतीच! पुढे एंड्रे बलाझ या हंगेरीत जन्मलेल्या शास्त्रज्ञाने तो कोंबड्याच्या तुऱ्यातून शुद्ध स्वरूपात काढण्याची पद्धत बसवली आणि डोळ्यांच्या शस्त्रक्रियेत त्याचा वापर सुरू झाला. शाकाहारी वाचकांच्या कपाळावर आठी पडली असेल, तर सांगते, आज सौंदर्यप्रसाधनांतलं बहुतेक हायलुरोनिक ॲसिड जिवाणूंच्या मदतीने, आंबवण्याच्या प्रक्रियेतून तयार होतं. तरीही शंका असेल, तर पाकिटावरचं हिरवं किंवा तपकिरी चिन्ह बघून घ्या.

बाटलीकडून किती अपेक्षा ठेवायची?

त्वचेचा वरचा थर हा पहारेकरी आहे. साधारण 500 डाल्टनपेक्षा मोठे रेणू तो सहजासहजी आत सोडत नाही. हायलुरोनिक ॲसिडचा रेणू हजारो, कधी दहा लाखांहून जास्त डाल्टनचा असतो. तो दारातून आत कसा जाणार? तो वर बसतो, पाणी धरून ठेवतो आणि पातळसा थर तयार करतो. कोरडेपणामुळे दिसणाऱ्या बारीक रेषा त्यामुळे काही तास भरल्यासारख्या वाटतात. त्याचे लहान तुकडे करून वापरले, तर ते वरच्या थरात जरा खोलवर जातात. मात्र गालाला आलेला खड्डा किंवा ओठांची ठेवण सीरमने बदलत नाही. तसा दावा कुणी करत असेल, तर ती बाटली फळीवर परत ठेवा.

‘स्वतःच्या वजनाच्या हजारपट पाणी धरून ठेवतं’ हे वाक्य तर तुम्ही इतक्या वेळा वाचलं असेल की पाठ झालं असेल. ते चेहऱ्यावर जसंच्या तसं लागू होत नाही. चमचाभर पावडर बादलीभर पाण्यात कालवली म्हणजे ते सगळं पाणी तिने पकडून ठेवलं असं होत नाही ना? टक्क्यांचंही तसंच. लांब साखळीच्या हायलुरोनिक ॲसिडचं 1 टक्का द्रावणसुद्धा चांगलंच घट्ट होतं. जास्त टक्के म्हणजे जास्त फायदा असं नाही, कधी कधी फक्त जास्त चिकटपणा.

लेबलवर ते वेगवेगळ्या नावांनी येतं. सोडियम हायलुरोनेट हे त्याचं क्षार-रूप, सर्वांत जास्त वापरलं जाणारं. ‘हायड्रोलाइज्ड’ लिहिलं असेल, तर साखळीचे लहान तुकडे केलेले आहेत. ‘पाच प्रकारचं’, ‘आठ प्रकारचं’ अशी जाहिरात असेल, तर वेगवेगळ्या लांबीच्या साखळ्या एकत्र केल्या आहेत असं समजा. कल्पना वाईट नाही, पण त्यासाठी तिप्पट पैसे मोजावेत असं मला वाटत नाही.

लावायची पद्धत मात्र खरंच फरक पाडते. तोंड धुतल्यावर चेहरा पूर्ण कोरडा करू नका. ओलसर त्वचेवर दोन-तीन थेंब लावा आणि लगेच वरून मॉइश्चरायझर लावा. नुसतं सीरम लावून तुम्ही एसी ऑफिसात किंवा मे महिन्याच्या नागपुरात फिरलात, तर ते वाळतं आणि चेहरा ताणल्यासारखा वाटतो. दिल्ली-इंदूरच्या थंडीतही हाच अनुभव येईल. मुंबई-पणजीच्या पावसाळ्यात कदाचित या बाटलीची गरजच भासणार नाही. आणि हो, आजीचं ग्लिसरीन अजूनही रिटायर झालेलं नाही. त्याचा रेणू अगदी छोटा, किंमत त्याहून छोटी, आणि ओलावा धरून ठेवण्यात ते कुठेच कमी नाही. फक्त ते तसंच दाट लावू नका, पाण्यात किंवा गुलाबपाण्यात मिसळून पातळ करा.

सुईतली गोष्ट वेगळी

साधं हायलुरोनिक ॲसिड त्वचेखाली टोचलं, तर शरीर ते थोड्याच दिवसांत मोडून टाकतं. म्हणून फिलर बनवताना त्याच्या साखळ्या रसायनाने एकमेकींत गुंफतात. बहुतेक वेळा त्यासाठी बीडीडीई नावाचं रसायन वापरतात. मग ते पाण्यासारखं न राहता जेल होतं आणि जागेवर टिकतं. या प्रकारचं रेस्टिलेन हे फिलर युरोपात 1996 मध्ये आणि अमेरिकेत डिसेंबर 2003 मध्ये मंजूर झालं. तेव्हापासून ओठ, गाल, हनुवटी, डोळ्यांखालचे खड्डे अशी यादी वाढतच गेली.

अलीकडे कल थोडा बदलला आहे. चेहरा ‘भरण्या’पेक्षा त्वचेचा पोत सुधारण्याकडे लोक वळत आहेत. त्यासाठी ‘स्किन बूस्टर’ नावाची पातळ इंजेक्शनं आली. मे 2023 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने गालांची त्वचा मऊ दिसावी म्हणून स्किनवीव्ह या इंजेक्शनला मान्यता दिली. इंजेक्शन देताना रक्तवाहिन्या कुठे आहेत हे सोनोग्राफीवर बघणारे डॉक्टरही आता आहेत. ही मला खरी प्रगती वाटते.

आणखी एक गोष्ट समोर आली आहे, आणि ती जाहिरातीत सापडणार नाही. फिलर 6 ते 18 महिन्यांत विरघळतं असं सर्रास सांगितलं जायचं. पण एमआरआय तपासण्यांमध्ये काही जणांच्या चेहऱ्यात ते कित्येक वर्षांनंतरही दिसलं आहे. मग दर 6 महिन्यांनी ‘टचअप’ करत राहिलं, तर जुन्यावर नवं साठत जाणार. ओठांवर टाकलेलं मिशीच्या जागेपर्यंत सरकलेलं, चेहरा उशीसारखा फुगलेला, असे फोटो तुम्हीही पाहिले असतील. म्हणून टचअपचं पॅकेज आगाऊ विकत घेऊ नका.

हायलुरोनिक ॲसिडच्या फिलरची एक मोठी जमेची बाजू आहे. हायलुरोनिडेज नावाचं एन्झाइम टोचून ते विरघळवता येतं. दुसऱ्या प्रकारच्या फिलर्सना असा उतारा नाही. पण हा उतारा नेमका केव्हा आणि कसा द्यायचा, हे कळणारा माणूस समोर असायला हवा ना?

कारण खरा धोका इथे आहे. चेहऱ्यावर रक्तवाहिन्यांचं जाळं दाट असतं. जेल चुकून रक्तवाहिनीत गेलं किंवा तिच्यावर दाब आला, तर पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. तिथली त्वचा मरू शकते. नाक आणि दोन भुवयांमधली जागा विशेष धोक्याची, कारण तिथल्या वाहिन्यांचा डोळ्याच्या वाहिन्यांशी संबंध असतो. असं क्वचित घडतं, पण घडलं तर दृष्टी कायमची जाऊ शकते.

थोडी सूज, लाली, निळसर डाग हे काही दिवस राहतात, त्यात घाबरण्यासारखं नाही. पण त्वचा एकदम पांढरी पडली, जाळीदार जांभळे चट्टे उठले, वेदना कमी होण्याऐवजी वाढत गेली, तर लगेच डॉक्टरांना गाठा. दिसायला अंधुक झालं, बोलताना जीभ अडखळली, तर एक मिनिटही थांबू नका, मोठ्या रुग्णालयात जा. ‘उद्या सकाळपर्यंत बघू, बर्फ लावा’ असं उत्तर मिळालं, तर ते ऐकून घेऊ नका.

आता ‘सुई नाही’ या जाहिरातीकडे येऊ. हे असतं हायलुरॉन पेन. जोराच्या दाबाने जेल त्वचेत घुसवतात. ते किती खोल आणि कुठे जातंय यावर ताबा नसतो. एफडीएने ऑक्टोबर 2021 मध्ये लोकांना आणि डॉक्टरांना, दोघांनाही, फिलरसाठी असली सुईविरहित यंत्रं वापरू नका असा इशारा दिला होता. तरी ही पेनं ऑनलाइन मिळतात, आणि सतरा-अठरा वर्षांच्या मुली रील बघून ती घरी वापरून बघतात. घरात या वयाचं कुणी असेल, तर हा लेख नक्की पाठवा.

पार्लरवाल्या ताईंचा हात आयब्रोमध्ये कितीही सुरेख असो, त्वचेच्या आत काही जात असेल, तर ते काम त्यांचं नाही. दारावरच्या पाटीवर नुसतं ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ असेल, तर वैद्यकीय पदवी कोणती ते सरळ विचारा. त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन असतील, तर नोंदणी क्रमांक सांगायला त्यांना संकोच वाटणार नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या वेबसाइटवर डॉक्टरांची नोंद मोबाइलवरही शोधता येते. हायलुरोनिडेज क्लिनिकमध्ये आत्ता आहे का, हेही विचारा. प्रश्न विचारल्यावर कपाळाला आठ्या पडल्या, तर उठून निघा. ॲडव्हान्स गेला तर गेला.

गर्भवती असाल, बाळ अंगावर पीत असेल किंवा चेहऱ्यावर कुठे संसर्ग असेल, तर फिलर पुढे ढकला. मधमाशी चावल्यावर पूर्वी जोरदार ॲलर्जी झाली असेल, तर तेही आधीच सांगा, कारण विरघळवणाऱ्या एन्झाइमचीही रिॲक्शन येऊ शकते. आणि लग्न पुढच्या आठवड्यात असेल, तर पहिलं फिलर आत्ता अजिबात नको. हळदीच्या फोटोत सुजलेले ओठ कुणाला हवेत?

डॉक्टरांनी सीलबंद खोका तुमच्यासमोरच उघडायला हवा. आत सिरिंजसोबत बॅच नंबरचा स्टिकर असतो. तो मागून घ्या, त्यावर तारीख आणि कुठे, किती मिली टोचलं ते लिहून फाइलमध्ये चिकटवा, आणि मोबाइलमध्ये त्याचा फोटोही ठेवा. पाच वर्षांनी दातांच्या डॉक्टरांकडे गालाची गाठ दाखवायला गेलात, किंवा दुसऱ्या शहरात दुसऱ्या त्वचारोगतज्ज्ञांसमोर बसलात, तर त्यांना सगळ्यात आधी तोच बघायचा असेल.