तारप्याकडे पाठ

१९५४ साली दादरा-नगर हवेलीतून पोर्तुगीज अंमल गेला. तेव्हापासून इथे बाहेरून शिकवायला येणाऱ्यांची वानवा नाही, आम्हीही त्यांतलेच.

काही वर्षांमागे सिल्वासा येथे आमच्या सरकारी शाळेच्या पटांगणात एक फिरते नाट्यपथक आले. वारली-कोकणा पालकांना मुलींच्या शिक्षणाचे महत्त्व पटवावे, हा हेतू. अभिनय उत्तम, भाषा पुस्तकी. (ती आम्हीच तपासून दिली होती!) पालक निमूट बसून होते. आम्ही त्याला तन्मयता समजलो.

आभारापूर्वीची दहा मिनिटे भरावीत म्हणून एका वृद्ध वारल्याला तारपा वाजवायला सांगितले होते. वाळका भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानाचा कर्णा. सूर निघाला मात्र, बाया एकमेकींच्या कमरेला हात घालून उठल्या. वादक मध्ये, साखळी भोवती; तारप्याकडे पाठ करायची नाही, हा दंडक. नटमंडळीही ओढली गेली. खुर्चीवर उरलो ते आम्ही.

रात्रभर मुखवट्यांचा भवाडा नाचविणाऱ्या कोकणांना नाटक नवे थोडेच होते!

पथकाच्या प्रमुखबाईंनी मुक्काम वाढवला. दोन रात्री त्या पाड्यावर राहिल्या. तिसऱ्या दिवशी तोच खेळ रिंगणात, वारली बोलीत झाला. मुलीला शाळेतून काढणाऱ्या बापाचे सोंग एका आईने घेतले आणि संहितेत नसलेले कारण सांगून टाकले : शाळेत मुलींच्या मोरीला दार नाही.

दार महिन्याभरात बसले. तारपेवाल्या आजोबांचे नाव मात्र आम्ही कार्यक्रमपत्रिकेत छापलेच नव्हते.