गाडी सेकंडहँड, खर्च फर्स्टहँड

"अरे, सात लाखांचं नवीन डबडं घेण्यापेक्षा तीन लाखांत जुनी सिटी घे, वेर्ना घे. राजासारखा फिरशील!"

आयटीत असाल तर हा सल्ला तुम्हाला कुणीतरी दिलेला असणारच. सल्ल्यासोबत एक एक्सेल शीटही येते. तिच्यात असतं काय? गाडीची किंमत, कर्जाचा हप्ता, पेट्रोलचा भाव आणि मायलेज. संपली शीट. खाली ठळक अक्षरांत निष्कर्ष: चार लाख वाचले!

माझं स्पष्ट मत आहे की ही शीट चुकीची आहे. तिच्यात एक गृहीतक लपलेलं आहे: गाडीची किंमत खाली आली की तिला पोसायचा खर्चही त्याच प्रमाणात खाली येतो. तसं होत नाही हो. विक्रीची किंमत बाजार ठरवतो. खर्च मात्र ती गाडी नवी असताना कुठल्या वर्गातली होती त्यावर ठरतो. ११ लाखांची गाडी तुम्हाला ३ लाखांत मिळाली तरी तिचा हेडलाइट ११ लाखांच्या गाडीचाच असतो.

मुळात जुनी सेडान एवढी स्वस्त का मिळते? कारण लोकांना आता उंच गाड्या हव्यात. मारुतीची एसएक्सफोर २०१४ मध्ये गेली, टोयोटाची यारिस २०२१ मध्ये, आणि सियाझही २०२५ मध्ये बंद झाली. मागणी आटली म्हणून भाव पडला. म्हणजे ही सूट गाडीच्या यंत्रानं दिलेली नाही, फॅशननं दिलेली आहे. आणि तुम्ही विकायला जाल तेव्हा हीच फॅशन तुमच्याही मुळावर येणार, हे शीटमध्ये कुठेच नसतं.

आता खर्चाकडे येऊ. आठ-दहा वर्षांची, ऐंशी हजार किलोमीटर झालेली गाडी घ्या. लोअर आर्मचे बुश, स्ट्रट, इंजिन माउंट, क्लच, बॅटरी, टायर... यातली बरीचशी मंडळी साधारण एकाच सुमारास राम म्हणतात. हा गाडीचा दोष नाही, वय आहे. त्यात आपले स्पीडब्रेकर आणि पावसाळ्यातले खड्डे. ए.सी.ची कूलिंग कॉइल गळाली तर बऱ्याच गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, म्हणजे पार्टइतकीच मजुरी. सिटीच्या दीड लिटर पेट्रोलला टायमिंग चेन आहे, पण व्हेंटो-रॅपिडच्या डिझेलला बेल्ट आहे. तो वेळेवर बदलला नाही आणि तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिनच खोलावं लागतं. बेल्ट बदललाय का हे टेस्ट ड्राइव्हमध्ये कळत नाही, फक्त सर्व्हिसच्या कागदांवर कळतं.

आपल्या धंद्यात याला टेक्निकल डेट म्हणतात. आधीच्या टीमनं ढकललेली कामं नव्या टीमच्या गळ्यात. पहिल्या मालकानं गाडी नेमकी आत्ताच का काढली, याचं उत्तर बऱ्याचदा एवढंच असतं.

समजा वर्षाला ४५ हजार लागले. ११ लाखांच्या गाडीला हे ४ टक्के, कुणी कुरकुर करत नाही. ३ लाखांच्या गाडीला हेच १५ टक्के! मालक मग काय करतो? कामं टाळतो. "चालतंय की अजून" म्हणत टायर ओढतो, ब्रेक ओढतो. स्वस्त गाडी धोकादायक होते ती अशी. गाडी वाईट नसते, मालकाचं बजेट तिच्या वर्गाचं नसतं.

विम्याचं गणित तर याहून मजेशीर. थर्ड पार्टीचा हप्ता गाडीच्या किमतीवर नाही, इंजिनाच्या आकारावर ठरतो. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये आणि त्यावर ७,८९७ रुपये होते. म्हणजे १४९७ सीसीची सिटी एका खणात आणि १५८२ सीसीची डिझेल वेर्ना दुपटीहून महाग खणात. पुढे अपघात झालाच, तर साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी, एअरबॅग यांचे निम्मेच पैसे मिळतात. दहा वर्षांवरच्या गाडीच्या धातूच्या भागांचेही निम्मेच. 'झिरो डेप' या वयाला मिळणं मुश्किल. आणि दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या घोषित किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी 'टोटल लॉस'. पार्ट नव्या भावाचे आणि घोषित किंमत जुनी, त्यामुळे जुनी सेडान ही रेषा फार लवकर ओलांडते. एक मध्यम ठोकर आणि खेळ खल्लास.

पैशाचं एकवेळ सोडा. या शीटमध्ये जीवाचा रकाना नाही, यावर माझा खरा राग आहे. टाकाटा कंपनीच्या एअरबॅग इन्फ्लेटरमध्ये अमोनियम नायट्रेट असायचं. वर्षानुवर्षं उष्णता आणि दमट हवा खाऊन ते बिघडतं आणि एअरबॅग फुटताना धातूचे तुकडे थेट समोरच्या माणसाकडे उडू शकतात. जगभर यात माणसं मेली आहेत. होंडानं भारतातही २०१३ पर्यंत बनलेल्या अनेक सिटी गाड्या यासाठी परत बोलावल्या. बदल फुकट आहे. पण पत्र जातं कंपनीच्या रेकॉर्डवरच्या मालकाला, आणि गाडी तोवर दोन हात बदलून तिसऱ्याकडे पोचलेली असते. आता सांगा, उष्णता आणि दमटपणा मुंबई-कोकणात कमी आहे का? चॅसिस नंबर टाकून रिकॉल तपासायला पाच मिनिटं लागतात. तरी किती खरेदीदार ते विचारतात? सगळे बोनेट उघडून "आवाज स्मूद आहे" म्हणतात, झालं.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "नवीन गाडी शोरूमबाहेर काढताच लाखभर घसरते, ते नुकसान पहिल्या मालकाचं." शंभर टक्के मान्य. सेडान चालवायला मस्त, हायवेला स्थिर, हेही मान्य. म्हणून तर मी 'जुनी घेऊ नका' म्हणत नाही. मी म्हणतो, विक्रीची किंमत हा पहिला हप्ता समजा. चार लाख आहेत ना? मग गाडी तीन लाखांची बघा आणि एक लाख पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवा. गाडी एक मॉडेल खालची आली तरी चालेल. सर्व्हिसचे कागद नाहीत, रिकॉल बाकी आहे, किंवा आरसी ट्रान्सफरला टाळाटाळ होतेय? उठून चालू पडा. आणि कर्ज काढून जुनी सेडान तर नकोच. हप्ता आणि गॅरेजचं बिल एकाच तारखेला आलं की कुठलं थांबतं हे आपल्याला माहीत आहे. बँक थांबत नाही, थांबतात ते ब्रेकपॅड.

असो. सल्ला देणाऱ्यांना एकच विनंती: पुढच्या वेळी शीट पाठवाल तेव्हा त्यात टायर, विमा आणि रिकॉल हे तीन रकाने वाढवून पाठवा. मग राजासारखं फिरण्याबद्दल बोलू :)