पुठ्ठ्याचे सेट आणि पुसलेल्या टेप

१९६०च्या दशकातलं 'डॉक्टर हू' बघतो म्हटलं की लोक फिदीफिदी हसतात. पुठ्ठ्याचे सेट, रबरी राक्षस! हसा खुशाल. पण खरा विनोद वेगळाच आहे राव. १९६३ साली सुरू झालेल्या या मालिकेचे कित्येक भाग बीबीसीने नंतर चक्क पुसून टाकले. का, तर टेप महाग, पुन्हा वापरायच्या! टेप महाग होत्या, मान्य. पण मग टीव्हीसमोर माइक धरून घरच्या टेपरेकॉर्डरवर भाग उतरवणाऱ्या पोरांकडे काय पैशांची झाडं होती? त्यांच्यामुळेच आज हरवलेल्या प्रत्येक भागाचा निदान आवाज तरी शाबूत आहे. बॅकअप घ्यायचं काम बीबीसीचं होतं. घेतला तो 'रिकामटेकड्या' फॅन्सनी. आता बोला, वेडं कोण?